नदीचें जीवपटल आणि धातूंचें विष

वऱ्हाडांतील वाशीम जिल्ह्यांत, अकोल्याहून वाशीमकडे जाणाऱ्या लोहमार्गावर, जऊळका नांवाचें एक स्टेशन लागतें. याच जिल्ह्याच्या डोंगरांत उगम पावणारी काटेपूर्णा उत्तरेस वाहत जाऊन पूर्णा नदीस मिळते. वाटेंत महान येथें तिला धरण घातलेलें असून त्या पाण्यावर अकोला शहर आपली तहान भागवितें. अशा नदीच्या उथळ पात्रांत उतरलें असतां दगडांवरील ज्या बुळबुळीवरून पाय घसरतो, तिला आपण नांवें ठेवितों. परंतु या बुळबुळीनें मनुष्यजातीवर केलेले उपकार थोडे नाहींत. त्यांचाच वृत्तांत वाचकांपुढें ठेवण्याचें आम्हीं योजिलें आहे.

ही बुळबुळ म्हणजे नुसतें शेवाळें नव्हे. सूक्ष्म जंतु, शैवालें आणि बुरशी हीं स्वतःच स्रवलेल्या चिकट द्रव्यांत एकत्र नांदतात व दगडावर पातळ पापुद्रा धरितात. शास्त्रज्ञ त्यास बायोफिल्म म्हणतात. आम्ही जीवपटल म्हणूं. त्याची ओळख पटण्यापूर्वीच मनुष्यानें त्याला कामास लाविलें होतें. १८२९ सालीं जेम्स सिम्प्सन या इंजिनियरानें लंडनमधील चेल्सी येथें टेम्सचें पाणी वाळूच्या थरांतून गाळण्यास आरंभ केला. पाणी वाळूमुळेंच शुद्ध होतें, अशी तेव्हांची समजूत. वस्तुतः वाळूच्या माथ्यावर हळूहळू जमणारें जीवपटलच रोगजंतूंना अडवीत व खात होतें. जर्मन लोकांनीं पुढें त्यास ‘मळाची चादर’ अशा अर्थाचें नांव दिलें. १८९२ च्या पटकींत या चादरीची परीक्षा झाली. हॅम्बुर्ग शहर एल्ब नदीचें पाणी न गाळतां पीत होतें. तेथें आठ हजारांहून अधिक माणसें दगावलीं. शेजारचें आल्टोना प्रवाहाच्या खालच्या अंगाचें, म्हणजे अधिकच मलिन पाणी घेत होतें. पण तें गाळून घेत असल्यामुळें बव्हंशीं बचावलें.

येथवरचा शत्रु सजीव होता. विसाव्या शतकांत कारखान्यांनीं नद्यांत दुसराच शत्रु सोडला. जंतु मरतात, सेंद्रिय घाण कुजते. परंतु पारा, शिसें, कॅडमियम हीं मूलद्रव्यें असल्यामुळें तीं मरत नाहींत आणि कुजतही नाहींत. जपानांत मिनामाता येथें माशांतून पोटांत गेलेल्या पाऱ्यानें माणसांची मज्जासंस्था उध्वस्त केली. त्या रोगाची अधिकृत नोंद १९५६ सालची आहे. आपल्याकडेही कल्याण भागांतील उल्हास व काळू या नद्यांत पारा आढळल्याचें संशोधकांनीं नोंदविलें आहे.

या नव्या शत्रूपुढेंही जीवपटल अगदींच हतबल नाहीं. त्याच्या चिकट द्रव्यांतील कांहीं अणुसमूहांवर ऋण विद्युद्भार असतो. पाण्यांत विरघळलेल्या बहुतेक धातूंचे कण धन भाराचे असल्यामुळें ते तेथें जाऊन चिकटतात. शिवाय प्राणवायु नसलेल्या थरांत कांहीं जंतु गंधकाचा वायु निर्माण करितात, आणि त्याच्याशीं संयोग होऊन धातु अविद्राव्य रूपानें खालीं बसतो.

या गुणाचा मोठ्या प्रमाणावर उपयोग अमेरिकेंत झाला. दक्षिण डाकोटांत १८७६ सालीं होमस्टेक ही सोन्याची खाण सांपडली. तिचा गाळ १९७७ पर्यंत व्हाइटवुड नांवाच्या ओढ्यांत जात असे, आणि ओढा निर्जीव झाला होता. १९८४ सालीं खाणीनें पाण्यांत फिरणाऱ्या मोठमोठ्या चकत्या उभारिल्या व त्यांवर जंतूंचें पटल वाढविलें. तें पटल सायनाइडसारखीं विषें फोडी आणि धातु धरून ठेवी. कालांतरानें त्या ओढ्यांत ट्राउट मासे परत आले.

मात्र या कथेवरून कोणी निष्काळजी होऊं नये. सायनाइड फुटतें, धातु फुटत नाहीं. तो केवळ पाण्यांतून पटलांत जातो. पटल वेळोवेळीं खरवडून सुरक्षित ठिकाणीं न नेल्यास पाणी आम्ल होतांच धातु पुन्हां मोकळा होतो. नदींतल्या दगडांवरचें पटल तर गोगलगायी व कीटक खातात, त्यांस मासे खातात आणि मासे आपण खातों. नदीनें आपल्यासाठीं अडविलेलें विष अशा रीतीनें आपल्याच ताटांत परत येतें.

महाराष्ट्रानें जलप्रदूषण रोखण्यासाठीं १९६९ सालींच कायदा केला; केंद्राचा कायदा १९७४ चा आहे. या कायद्यांचें मर्म हेंच कीं, विष उगमाशींच अडवावें. जीवपटलाचें काम त्यानंतरचें. चुकून सुटलेलें तेवढें त्यानें वेंचावें. काटेपूर्णेच्या वरच्या अंगास कोणीं कांहीं पाण्यांत टाकिलें, तर त्याचा हिशेब खालच्या शहरास चुकवावा लागेल. दगडावरची बुळबुळ त्या हिशेबांत थोडी सूट देईल. सारें कर्ज कांहीं ती फेडणार नाहीं.