न उच्चारलेली भीती

तेलाच्या इतिहासात विहिरींची खोली, पिंपांची संख्या आणि कंपन्यांचा नफा यांची नोंद काटेकोरपणे केलेली आढळते. विहीर खोदणाऱ्या माणसाच्या मनात काय चालले होते, याची नोंद मात्र क्वचितच सापडते. मेक्सिकोच्या आखातातील ‘डीपवॉटर होरायझन’ या तरंगत्या रिगच्या बाबतीत ती सापडते, म्हणून तिची कथा मला वाचकांपुढे ठेवावीशी वाटते.

ट्रान्सओशन कंपनीची ही रिग बीपी कंपनीसाठी सुमारे १,५०० मीटर खोल पाण्यात ‘मकाँडो’ ही विहीर खोदीत होती. २० एप्रिल २०१० रोजी दोन्ही कंपन्यांचे बडे अधिकारी रिगवर आले. सात वर्षांत कामगाराला घरी बसविणारी एकही इजा झाली नव्हती. त्याचे कौतुक करणे हा भेटीचा एक हेतू होता.

त्याच दिवशी विहिरीची दाब-परीक्षा चालली होती. सिमेंटने विहीर तळाशी पक्की बंद झाली असेल, तर दाब शून्यावर येऊन तेथेच राहावयास हवा. एका नळीत तसे दिसले. पण खोदकामाच्या मुख्य नळीत तो दर चौरस इंचास १,४०० पौंड होता! शंका निघाली, चर्चा झाली, एक सोयीचे स्पष्टीकरण पुढे आले आणि परीक्षा उत्तीर्ण ठरली. मग विहिरीला दाबून धरणारा जड गाळ काढून हलके समुद्राचे पाणी भरले जाऊ लागले. रात्री पावणेदहाच्या सुमारास वायू उसळून स्फोट झाला. १२६ माणसांपैकी ११ जण मृत्युमुखी पडले. तेलाचा लोट थांबावयास ८७ दिवस लागले.

या स्फोटाच्या अवघे काही आठवडे आधी, मार्च २०१० मध्ये, लॉइड्स रजिस्टर या संस्थेने ट्रान्सओशनच्याच सांगण्यावरून रिगवरील कामगारांची मते विचारली होती. चूक किंवा धोका वर कळविला तर आपल्यावरच बालंट येईल, अशी भीती त्यांच्यापैकी काहींनी बोलून दाखविली. ही भीती इजांच्या तक्त्यात कोठेच उमटत नव्हती. पाय घसरणे, बोट चेंगरणे हे तक्त्याला दिसते; विहिरीच्या पोटात चढणारा दाब आणि माणसाच्या ओठांवर थबकलेला शब्द त्याला दिसत नाही.

नवल पुढेच आहे. २०१० हे आपल्या इतिहासातील सुरक्षिततेचे सर्वोत्तम वर्ष होते, असे कंपनीने २०११ साली भागधारकांना कळविले आणि अधिकाऱ्यांना बोनसही दिला! टीकेची झोड उठली तेव्हा दिलगिरी व्यक्त झाली व वरिष्ठ अधिकाऱ्यांनी ती रक्कम मृतांच्या कुटुंबियांसाठी दिली.

१९७४ साली ‘सागरसम्राट’ने मुंबई हायला तेल शोधले, तेव्हापासून आपल्याही घरची माणसे समुद्रात दिवाळी काढीत आली आहेत. त्यांच्या सुरक्षिततेची चौकशी करताना किती दिवस अपघात झाला नाही, हे जरूर विचारावे. पण त्याआधी एक प्रश्न विचारावा, असे मला वाटते : “काम थांबवा” असे सर्वांत धाकटा कामगार म्हणाला, तर त्याचे पुढे काय होते?