बादलीभर पाण्यात पोरं काय शिकतात? घरी आणि अंगणवाडीत करता येण्याजोगे पाण्याचे खेळ

माण, खटाव, आटपाडी, जत या भागात पोरानं तांब्या लवंडला की पाठीत धपाटा ठरलेला. त्यात आईची चूक काढण्यात अर्थ नाही. एकट्या सातारा जिल्ह्यात महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि दहिवडीकडे जेमतेम पाचशेच्या आसपास. उन्हाळ्यात टँकरची वाट बघणाऱ्या घराला पाण्याचा खेळ म्हणजे चैन वाटणारच.

पण तीन ते सहा वर्षांच्या मुलांना या खेळासाठी पाणी फार लागत नाही. पाच-सहा जणांत अर्धी बादली पुरते. खेळ झाला की तेच पाणी कढीपत्त्याला, शेवग्याला घालायचं. म्हणजे झाडाला जायचंच पाणी आधी पोरांच्या हातून जातं, एवढंच. फक्त ते स्वच्छ हवं, कारण या वयात ओला हात तोंडात जाणारच. साधनंही विकत आणायला नकोत. तारा​बाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डीत आणि पुढे कोसबाडला बिया, पानं, शिंपले, माती यांवरच बालशिक्षण उभं केलं होतं.

ओतणं, भरणं, सांडणं

सुरुवात कोरड्यानं करा. एका वाटीतली ज्वारी दुसऱ्या वाटीत न सांडता ओतायची. हात बसला की ज्वारीच्या जागी पाणी. खाली परात ठेवायची म्हणजे सांडलेलं वाया जात नाही. तांब्या, फुलपात्र, नरसाळं, चहाची गाळणी, औषधाचं रिकामं धुतलेलं मापाचं झाकण, एवढं सामान भरपूर झालं. ‘या तांब्यात किती फुलपात्री मावतील?’ असं आधी विचारायचं, पोरानं आकडा सांगायचा, मग दोघांनी मोजायचं. मनगट आणि बोटं यांना जो सराव इथं होतो, तोच पुढं पेन्सिल धरायला उपयोगी पडतो.

एक गंमत जरूर करून बघा. दोन सारख्या फुलपात्रांत सारखं पाणी घ्या. पोरासमोरच एकातलं पाणी उंच, अरुंद ग्लासात ओता आणि विचारा, जास्त पाणी कशात? चार-पाच वर्षांचं बहुतेक मूल उंच ग्लासाकडे बोट दाखवतं. ते चुकतंय म्हणून हसू नका. जाँ पियाजे या स्विस अभ्यासकानं हे मांडून ठेवलंय. साधारण सात वर्षांच्या आसपास ही समज आपोआप पक्की होते. परत फुलपात्रात ओतून दाखवा आणि गप्प बसा. पाठ म्हणून घोकून घेतलं तर त्यातली मजाच जाते.

बुडतंय की तरंगतंय?

घमेल्यात पाणी घ्या आणि घरातल्याच वस्तू टाकायला द्या: खडा, बटाटा, कांद्याची सालं, नारळाची करवंटी, बाभळीची शेंग, ज्वारीच्या धाटातला पांढरा भेंड. टाकण्याआधी प्रत्येकानं अंदाज सांगायचा. (याच भेंडाच्या बैलगाड्या आजोबांनी केलेल्या असतील, त्यांनाही बोलवा.) जड ते बुडतं असं मुलं लगेच ठरवून टाकतात, तेव्हा स्टीलची वाटी अलगद ठेवा. ती तरंगते. मग तिच्यात पाणी भरा, ती तळाला जाते. सालासकट संत्रं तरंगतं आणि सोललेलं बुडतं, हे बघून तर मोठी माणसंही चक्रावतात.

सांगलीकरांकडे आणखी एक साधन घरातच आहे, बेदाणा. पाच बेदाणे रात्री पाण्यात टाका, पाच कोरडे ठेवा. सकाळी टम्म फुगलेला आणि सुरकुतलेला शेजारी ठेवले की पाणी आत शिरलं हे सांगावं लागत नाही. मात्र तीन वर्षांखालच्या मुलांना चिंचोके, मणी, नाणी यांसारख्या बारीक वस्तू देऊ नका, आणि अख्खं द्राक्ष खायला देताना उभं चिरूनच द्या. घशात अडकतं.

नजर हटू नये

हा भाग वगळून वरचं काही करू नका. लहान मूल बुडताना ओरडत नाही, हातपाय आपटून आवाजही फारसा करत नाही. चार बोटं पाण्यातही नाकतोंड बुडालं की संपलं. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२१ मध्ये जगात सुमारे तीन लाख माणसं बुडून गेली, त्यातलं जवळजवळ दर चौथं पाच वर्षांखालचं मूल होतं.

म्हणून खेळ चालू असताना मोठं माणूस हाताच्या अंतरावर हवं, मोबाईल बाजूला हवा. ‘थोरल्या बहिणीचं लक्ष आहे’ हे चालणार नाही, ती स्वतः आठ वर्षांची असते. खेळ संपला की बादली लगेच रिकामी करून पालथी घाला. हौद, पिंप, रांजण यांना झाकण ठेवा. शेततळ्याचा तर स्वतंत्र विचार करा. प्लास्टिकचा कागद ओला झाला की मोठ्या माणसालाही वर चढता येत नाही. भोवती कुंपण, आत काठाला बांधलेले गाठींचे दोर आणि शेजारी हवा भरलेली ट्यूब, एवढं तरी असावंच. भोपळा नाहीतर डबा बांधून विहिरीत पोहायला शिकवणं हे या वयाचं काम नव्हे.

मूल पाण्यातून काढलं आणि श्वास नसेल, तर उलटं धरून किंवा पोट दाबून पाणी काढत बसू नका. तोंडानं श्वास द्या, छातीवर दाब द्या, दुसऱ्यानं १०८ ला फोन करायचा.

अंगणातला बांध आणि आयर्विनची पातळी

पाच-सहा वर्षांच्या मुलांना मातीचा लहान ढीग करून द्या. वरून झारीनं पाणी सोडलं की ते माती घेऊन सुसाट खाली येतं. आता उतारावर बोटानं आडवे चर काढायला सांगा, खाली खड्यांचा बांध घालू द्या, परत तेवढंच पाणी सोडा. ते थांबतं, मुरतं, खाली येतं ते कमी गढूळ. कोरेगाव तालुक्यातल्या वेळूनं २०१६ मध्ये आणि माणमधल्या टाकेवाडीनं २०१८ मध्ये वॉटर कपचा पहिला नंबर काढला, तो याच कामावर. तिथल्या पोरांना हा खेळ शिकवायची गरज नसावी.

कृष्णाकाठच्या गावांत गोष्ट उलटी. तिथं मुलांनी पाणी घरात शिरलेलं ऐकलंय, काहींनी पाहिलंय. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीत आयर्विन पुलाजवळ पातळी ५७ फुटांच्या वर गेली होती. इशारा ४० फुटांना, धोका ४५ फुटांना, हे आकडे मोठ्यांच्या तोंडी असतात, पण मुलांना त्यातून काही कळत नाही. पारदर्शक बरणीवर पिवळी आणि लाल अशा दोन चिकटपट्ट्या लावा, तळाशी खेळण्यातलं घर ठेवा आणि एकेक फुलपात्र पाणी ओतत जा. पिवळीला पाणी आलं की घर उचलून उंचावर न्यायचं. कोण काय सोबत घेणार, गुरं कुठं बांधणार, हे मुलांनाच ठरवू द्या. मात्र खऱ्या पुराच्या पाण्यात, ओसरताना उरलेल्या डबक्यांतसुद्धा, खेळायला सोडू नका. त्यात मेलेली जनावरं, सांडपाणी सगळं मिसळलेलं असतं.

जूनमध्ये आणखी एक करता येईल. सरळ कडेचा रिकामा डबा अंगणात मोकळ्यावर, झाडापासून आणि पागोळ्यांपासून लांब ठेवा. रोज सकाळी त्यात काडी बुडवून ओल्या भागाएवढी रेघ भिंतीवर ओढायची आणि डबा रिकामा करायचा. ज्या दिवशी पाऊस नाही त्या दिवशी रेघेची जागा मोकळी सोडायची. माणमध्ये मोकळ्या जागाच जास्त दिसतील. पाटणला मामाकडे गेलेल्या भावंडाला तिथंही डबा ठेवायला सांगा, आणि दिवाळीत दोन्हीकडच्या रेघा शेजारी ठेवून बघा.