पायांची चाल आणि मनाची उभारी

आमच्या बदनापुराच्या याच जालना जिल्ह्यांतील जांब गांवीं 1608 सालीं समर्थ रामदासांचा जन्म झाला. नाशिकजवळील टाकळीस त्यांनीं बारा वर्षें तपश्चर्या केली. तींत नामजपाबरोबर सूर्यनमस्कारांचाही नित्यनेम होता, असें परंपरा सांगते. पुढें त्यांनीं ठिकठिकाणीं मारुतीचीं मंदिरें स्थापिलीं. खचलेल्या मनास धीर द्यावयाचा तर शरीरही जागें केलें पाहिजे, हीच दृष्टि त्यांत दिसते.

विसाव्या शतकांत औंधचे अधिपति भवानराव पंतप्रतिनिधि यांनीं हेच नमस्कार आपल्या संस्थानांतील शाळांत सुरू केले. त्यांवरील त्यांचें इंग्रजी पुस्तक 1938 सालीं लंडनास निघालें. परंतु व्यायामानें मेंदूंत काय घडतें, हें पाहण्याचें साधन तेव्हां नव्हतें. प्रौढपणीं मेंदूंत नवी पेशी जन्मत नाहीं, असेंच तेव्हां सामान्यतः मानीत.

1998 सालीं या समजुतीस धक्का बसला. स्मरणशक्तीशीं निगडित अशा हिप्पोकॅम्पस नामक भागांत प्रौढ माणसांतही नव्या पेशी आढळल्या. पुढच्याच वर्षीं, चाकावर धावणाऱ्या उंदरांत त्या अधिक होतात, असें दिसलें. माणसांत त्या किती होतात, याविषयीं मतभेद आहेत. तथापि 2011 मध्यें 120 वृद्धांच्या प्रयोगांत, वर्षभर नियमानें भरभर चालणाऱ्यांचा तो भाग सुमारें 2 टक्क्यांनीं वाढला. नुसतें अंग ताणणाऱ्यांचा मात्र घटला. 1999 सालीं अमेरिकेंत नैराश्यानें पीडित 156 जणांवर प्रयोग झाला. त्यांत सोळा आठवड्यांच्या व्यायामानें औषधाइतकाच गुण आला.

हें वाचून मी, एक जुना शिक्षक, खजील झालों. मैदानाचा तास मीं कित्येकदां गणितासाठीं घेतला. त्या तासानें मुलांची बुद्धि वाया जात नव्हती, पोसली जात होती, हें आतां उमगतें.

मात्र एक सांगितल्यावांचून राहवत नाहीं. उदास माणसास “ऊठ, आळस सोड” म्हणून हिणवणें हा व्यायामाचा उपदेश नव्हे. ज्याला अंथरुणांतून उठणेंच जड झालें, त्याचा तो दोष नसून आजार असतो. त्याला डॉक्टरकडे न्यावें, चालू असलेलें औषध आपल्या मनानें बंद करूं नये. आणि सायंकाळीं त्याचा हात धरून गांवाबाहेरच्या मारुतीपर्यंत आपणही त्याच्याबरोबर चालावें.