पोरखेळ आणि प्रौढ खेळ

गेल्या दिवाळीच्या सुटींत यवतमाळास एका स्नेह्यांच्या घरीं आम्ही बसलों असतां, आजचे तरुण मोबाईलवरील खेळांपायीं कसे वाया चालले आहेत, यावर वडील मंडळींत मोठ्या कळकळीनें चर्चा चालली होती. 'पोरगा घोड्याएवढा झाला, तरी पोरखेळ सुटत नाहीं,' असें एक गृहस्थ म्हणाले, तेव्हां त्यांच्या हातांत रमीचीं तेरा पानें होतीं. ही विसंगति कोणाच्याच ध्यानांत आली नाहीं. आम्हांसहि ती घरीं परततांना जाणवली. त्या निमित्तानें, बालिश आणि प्रौढ ही खेळांची विभागणी इतिहासास कितपत मान्य आहे, हें पाहूं.

पचिशी हा एके काळीं राजेरजवाड्यांचा खेळ. फत्तेपूर सिक्रीच्या राजवाड्यांत अंगणांतील दगडी पट आजहि दाखवितात. तोच 19व्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडांत 'लूडो' होऊन मुलांच्या खोलींत गेला. मोक्षपटाचीहि तीच गति. शिड्या म्हणजे सद्गुण, साप म्हणजे दुर्गुण आणि शेवटचें घर मोक्षाचें, अशी त्याची मांडणी. विलायतेंत तो मुलांचा 'सापशिडी'चा खेळ झाला. खेळाचा सांगाडा तोच राहिला, बदलली ती खेळणाऱ्यांची बैठक. उलटपक्षीं, कुरुसभेंतील द्यूत मोठ्यांचेंच होतें. भीष्मद्रोणांसारखे वृद्ध बसले असतां द्रौपदी पणाला लागली. त्या खेळास प्रौढ म्हणण्यास कोण धजेल?

व्हिडिओ गेम याच वाटेनें गेला आणि अर्ध्यावरून परतला. 1962 सालीं अमेरिकेंतील एम. आय. टी. या संस्थेंत 'स्पेसवॉर' रचिला गेला, तो संगणकाच्या नादीं लागलेल्या तरुणांकडून; 1972 सालीं 'अटारी' कंपनीनें 'पाँग'चें पहिलें यंत्र कॅलिफोर्नियांतील एका मद्यगृहांत मांडलें. आरंभीं हा मोठ्यांचाच विरंगुळा होता. 1983 सालीं तेथील बाजार कोसळला, दुकानदार या यंत्रांस हात लावीनात. तेव्हां 1985 सालीं जपानच्या 'निन्टेंडो'नें आपलें यंत्र एका रोबोसह खेळणें म्हणून तेथें विकावयास काढलें. बालिशपणाचा शिक्का या खेळांवर ठसविला तो प्रकृतीनें नव्हे, व्यापारानें, असें आमचें मत आहे. पुढें 'मॉर्टल कॉम्बॅट'मधील रक्तपातावरून 1993 सालीं अमेरिकन सिनेटांत सुनावणी झाली, आणि 1994 पासून वयोगटांचे शिक्के आले; सतरा वर्षांवरील खेळांस 'प्रौढ' म्हणूं लागले. ही सूचना आईबापांस उपयुक्त आहे, हें आम्ही नाकारीत नाहीं. परंतु मुलापासून काय दूर ठेवावें, एवढेंच ती सांगते. परिपक्व काय, हें सांगत नाहीं.

पुण्याच्या 'नॉडिंग हेड्स गेम्स' या संस्थेचा 2020 सालचा 'राजी' हा खेळ या दृष्टीनें पाहण्याजोगा आहे. असुरांनीं पळविलेल्या धाकट्या भावाच्या शोधांत निघालेली, सर्कशींत कसरती करणारी मुलगी ही त्याची नायिका. दुर्गा व विष्णु तिची कथा सांगतात, आणि वाटेंतील भिंतींवरचीं चित्रें पुराणें सांगतात. नायिका पोर आहे म्हणून यास बालिश म्हणावें, कीं बहीणभावांच्या ताटातुटीमुळें प्रौढ? ध्रुवाचें आख्यान आपण असें कधीं विभागलें नाहीं. मुलास त्यांत हट्ट दिसतो, मोठ्यास अपमान.

ऑगस्ट 2025 मध्यें आपल्या संसदेनें संमत केलेल्या कायद्यानें पैसे लावून खेळावयाचे ऑनलाइन खेळ निषिद्ध ठरविले आणि ई-स्पोर्ट्सला मान्यता दिली. येथें रेषा वयाची नाहीं, पणाची आहे. आमच्या स्नेह्यांची रमी मोबाईलवर पैसे लावून चालली असती, तर ती याच रेषेपलीकडे गेली असती. 'पोरखेळ' म्हणून हात झटकणारा बाप मुलास त्या रेषेवर एकटा सोडतो, हा खरा धोका. मुलगा काय खेळतो, त्यांत काय पणाला लावतो, आणि खेळ संपल्यावर कसा उठतो, एवढें वडील माणसांनीं शेजारीं बसून पाहिलें, तर शिक्क्यांवांचूनहि निवाडा होईल. त्यासाठीं हातांतील पानें मात्र खालीं ठेवावीं लागतील.