तलवार म्यान झाल्यावर



चाकणच्या संग्रामदुर्गाचें नांव निघालें कीं इ. स. १६६० सालीं शाएस्तेखानाच्या प्रचंड फौजेशीं जवळजवळ दोन महिने झुंजणारा फिरंगोजी नरसाळा आपल्या डोळ्यांपुढें उभा राहतो. अशा शौर्यकथा आपण आवडीनें ऐकतों. परंतु लढाई थांबल्यावर त्या शूर शिपायांचा व त्यांच्या सरदारांचा चरितार्थ कसा चालत असे, हा प्रश्न आपल्या मनांत क्वचितच येतो. आज त्याच प्रश्नाचा थोडा विचार करावयाचा आहे.

शिवछत्रपतींनीं या प्रश्नाचें उत्तर आधींच योजून ठेविलें होतें. सभासदाच्या बखरीवरून त्यांच्या पागेची व्यवस्था कळते. पंचवीस बारगिरांवर एक हवालदार, पांच हवालदारांवर एक जुमलेदार आणि दहा जुमल्यांवर एक हजारी. जुमलेदारास सालीना ५०० होन व हजाऱ्यास १,००० होन अशीं वेतनें ठरलेलीं होतीं. बारगिराचें घोडें सरकारचें. पावसाळ्यांत लष्कर छावणीस आलें म्हणजे दाणा, वैरण, औषधें व निवारा यांची तजवीज आधींच झालेली असे. लूट सरकारजमा होई आणि वेतन सरकारांतून मिळे. म्हणून स्वस्थतेचे चार महिने म्हणजे उपासाचे चार महिने, असें होत नसे.

ही घडी पुढें टिकली नाहीं. राजाराम महाराजांच्या काळीं स्वराज्यावर मोगलांचें संकट कोसळलें, खजिना रिता झाला आणि सरदारांस फौजेच्या खर्चासाठीं मुलूख नेमून द्यावा लागला. पेशवाईंत हीच सरंजामाची पद्धत रूढ झाली. सरंजामाचे ढोबळ मानानें दोन भाग असत. एक जातीचा, म्हणजे सरदाराच्या स्वतःच्या इतमामासाठीं. दुसरा फौजेचा, म्हणजे ठराविक स्वार बाळगण्यासाठीं. या सरदाराच्या हाताखालीं शिलेदार असत. शिलेदार घोडें व हत्यार स्वतःचें आणी. घोडें हेंच त्याचें भांडवल. तें मेलें कीं त्याची नोकरीहि गेली.

आतां हिशेब पाहा. घोडें मोहिमेवर असो वा दारांत बांधलेलें असो, तें दाणा खाणारच. मोहिमेपूर्वीं शिलेदारांस नालबंदीची आगाऊ रक्कम द्यावी लागे. ती सरदार सावकाराकडून उचली आणि चौथाई-खंडणीचा वसूल आल्यावर फेडी. मोहीम निघाली नाहीं तर वसूल नाहीं, आणि व्याज मात्र वाढतच राही. थोरल्या बाजीरावांसारखा विजयी पुरुषहि कर्जानें गांजलेला होता. आपली ही हलाखी त्यांनीं धावडशीच्या ब्रह्मेंद्रस्वामींस पत्रांतून कळविली आहे, आणि ते स्वामी स्वतःच त्यांच्या धनकोंपैकीं एक होते! विजेत्याची ही स्थिति, तर घरीं बसलेल्या पथक्याची काय असेल?

खरी स्वस्थता आली ती ३१ डिसेंबर १८०२ च्या वसईच्या तहानंतर. दुसऱ्या बाजीरावांच्या रक्षणासाठीं इंग्रजांच्या सहा पलटणी आल्या आणि त्यांच्या खर्चासाठीं २६ लाखांचा मुलूख तोडून द्यावा लागला. रक्षणाचें काम परक्यांकडे गेलें, तेव्हां आपले सरदार पेशव्यांस नकोसे वाटूं लागले व त्यांचे सरंजाम डोळ्यांत सलूं लागले. पटवर्धनादि जहागीरदारांशीं वाद विकोपास जाऊन शेवटीं १८१२ सालीं पंढरपूर येथें एल्फिन्स्टनच्या मध्यस्थीनें तडजोड झाली. इकडे दापोडीस कॅप्टन फोर्ड याच्या हुकमतीखालीं पेशव्यांच्या खर्चानें कवायती पायदळ नांदत होतें. ही दापोडी आज पिंपरी-चिंचवड शहरांत मोडते. खडकीच्या लढाईच्या दिवशीं, ५ नोव्हेंबर १८१७ रोजीं, तेंच पायदळ इंग्रजांस जाऊन मिळालें!

पुढील वर्षीं सर्व संपलें. चाकणचा किल्ला कर्नल डीकननें घेतला, अष्टीस बापू गोखले पडले आणि बाजीराव सालीना ८ लाखांच्या नेमणुकीवर ब्रह्मावर्तास गेले. एल्फिन्स्टननें सामान्यतः सरदारांचे जातीचे सरंजाम चालू ठेविले व फौजेचे काढून घेतले. फौज नाहीं तर फौजेचा खर्च कशाला, हा युक्तिवाद कागदावर बिनतोड होता. परंतु फौजेच्या त्या सरंजामावर कारकून, पागे, शिलेदार व भाऊबंद असा मोठा परिवार पोसला जात असे. त्यांस एकाएकीं दूर करणें सरदाराच्या अब्रूस शोभेना, आणि ठेवणें परवडेना. अब्रूची बाजू राखतां राखतां घरें कर्जांत बुडालीं. १८२७ च्या कायद्यानें प्रमुख सरदारांवरील फिर्यादी साधारण कोर्टांतून काढून सरदारांच्या एजंटाकडे सोंपविल्या. मान राहिला, पण देणें कांहीं फिटलें नाहीं. १८५२ च्या कायद्यान्वयें इनाम कमिशनची चौकशी सुरू झाली, तेव्हां जुनीं कागदपत्रें शोधण्याचा घोर नशिबीं आला.

शिलेदारांपैकीं कांहीं १८१७ सालीं उभारलेल्या ‘पुणे ऑक्झिलरी हॉर्स’ या इंग्रजी रिसाल्यांत शिरले. स्वतःचें घोडें आणण्याची शिलेदारी पद्धत हिंदी रिसाल्यांत पहिल्या महायुद्धापर्यंत टिकली. बाकीच्यांनीं नांगर धरला. भीमेच्या खोऱ्यांतील नामांकित भीमथडी घोड्यांस गिऱ्हाईक उरलें नाहीं. गडकोटांवरील शिबंदी मोडल्यानें रामोशांचें वेतन बुडालें. उमाजी नाइकाच्या बंडाच्या मुळाशीं हेंहि एक कारण होतें.

विलायतेंतहि याच सुमारास असेंच घडत होतें. १८१५ सालीं वॉटर्लूची लढाई संपली आणि इंग्रज सैन्यांतील व आरमारांतील शेंकडों अंमलदार अर्ध्या पगारावर घरीं बसले. फ्रान्समध्यें नेपोलियनच्या अंमलदारांची तीच गत झाली. इंग्रज पायदळाचा व घोडदळाचा अंमलदार बहुधा आपला हुद्दा पैसे देऊन विकत घेई. ही चाल १८७१ पर्यंत होती. म्हणजे त्याचा हुद्दा आणि आमच्या शिलेदाराचें घोडें, दोन्ही पदरच्या पैशाचींच! भेद इतकाच कीं, त्यास अर्धा पगार तरी मिळे. आमच्या शिलेदाराच्या घोड्यास शांततेंत अर्धी किंमतहि येत नसे.

आज चाकणच्या परिसरांत मोटारींचे कारखाने उभे आहेत आणि देहूरोड-खडकीस लष्करी भांडारें व कारखाने आहेत. ‘एक पद, एक निवृत्तिवेतन’ या मागणीसाठीं माजी सैनिकांस २०१५ सालीं आंदोलन करावें लागलें व त्याच वर्षीं सरकारनें ती योजना मंजूर केली. म्हणजे प्रश्न जुनाच आहे. सैनिकाचें मोल लढाईच्या दिवशीं कोणासहि कळतें. तें शांततेच्या दिवसांत जें राज्य ओळखील, त्याच्याच हांकेस पुढच्या वेळीं घोडीं जिनासह तयार मिळतील.