शंकरपटाच्या मुलखातील ‘रोड फायटर’

भंडारा जिल्ह्यातील दिघोरी हे झाडीपट्टीतील गाव. बैलजोड्यांच्या शंकरपटाचा हा मुलूख. शर्यतीचे वेड येथे जुनेच. १९९० च्या दशकात महाराष्ट्रात आणखी एक शर्यत आली, ती टीव्हीच्या पडद्यावर.

जपानच्या निन्टेंडो कंपनीचे ‘फॅमिकॉम’ यंत्र १९८३ चे. भारतात पसरल्या त्या मुख्यतः त्याच्या स्वस्त नकला. कोनामीचा ‘रोड फायटर’ (मूळ खेळ १९८४) त्यांवरचा मोठा लाडका.

तांबडी मोटार, एक बटण बेताच्या वेगाचे, दुसरे ताशी ४०० किलोमीटरपर्यंत नेणारे. आणि सतत घटणारे इंधन! ट्रकवर आदळताच वेग शून्यावर येई. इतर मोटारींचा धक्का लागून गाडी घसरली, तर घसरण्याच्या उलट दिशेला वळवून ती सावरावी लागे. हे उमगेपर्यंत कित्येक डाव बुडत. न धडकता बरेच अंतर कापले की कोनामी मॅन उडत येई. मुलांनी त्याला परस्पर सुपरमॅन ठरवून टाकले होते.

खेळ साठवण्याची सोय नव्हती. भारनियमनाच्या दिवसांत चौथ्या, अखेरच्या टप्प्यावर वीज गेली, की सारे पुन्हा पहिल्यापासून. तेही वीज आल्यावर.