ढिगाच्या आतला हात

साल 1597, माघातली पहाट. तुम्ही वर्धेच्या वाळूत उभे आहात आणि तळपाय गारठून गेलेत. मागे कौंडण्यपूरच्या पांढरीचं टेकाड आहे, रुक्मिणीचं माहेर. इथून पंढरपूरला जाणारी पालखी परंपरेनुसार 1594 साली सुरू झाली, म्हणजे गावाला तिची अजून नवलाईच आहे. कमरेला हात लावून पाहू नका, तंबाखूची पुडी नाही. विजापूरहून अकबराच्या दरबारात तंबाखू पोचायला अजून सातआठ वर्षं आहेत.

काठावर पन्नाशीतला एक माणूस उकिडवा बसून नमाजाआधीचा वजू करतोय. हात, तोंड, कोपरापर्यंत बाहू, डोक्यावरून ओला हात, शेवटी पाय. एवढी नदी समोर असून सगळं एका तांब्यात उरकलं. तुम्हाला राहवत नाही.

“चाचा, नदी वाहतेय की. एवढी काटकसर कशाला?”

“वाहत्या नदीवर बसला तरी पानी उधळू नोको, असं आमच्या पैगंबरायनं साद नावाच्या सोबत्याले सांगतलं. नदीले कमी पडत नाई बाप्पा. आपल्या हाताले वळण लागते.”

हा गावचा मुलाणा. गावगाड्यातला बलुतेदार. नमाज पढवणं, निकाह लावणं, कोनाड्यातला दिवा लावणं आणि गावातल्या मांसाहारी घरांसाठी बोकड हलाल करणं ही त्याची कामं. मोबदला सुतार-लोहारासारखाच, खळ्यावरून मिळणारं धान्य. अरबी त्याला नमाजापुरती येते. धर्माची बाकी सगळी शिकवण तो मराठीतच सांगतो. अजून अठ्ठेचाळीस वर्षांनी, 1645 साली, श्रीगोंद्याचे शेख महंमद ‘योगसंग्राम’ मराठीत पुरा करतील. याला मात्र लिहिता येत नाही.

शाळेतल्या इतिहासामुळे तुमच्या डोक्यात इस्लाम येतो तो घोड्यावर बसून. म्हणून विचारता, सध्या राज्य कोणाचं? मुलाण्याला आठवावं लागतं. त्याच्या बापाच्या वेळी अचलपूरची इमादशाही होती. 1574 मध्ये अहमदनगरच्या निजामशहानं ती गिळली. गेल्या साली तिथल्याच चांदबिबीनं तह करून वऱ्हाड अकबराच्या मुलाला, मुरादला दिलं. आता बाळापूरजवळ शाहपूरला शहजाद्याची छावणी आहे. “नमाज सगळ्याइची येकच,” तो म्हणतो, “पन खळ्यावर चाला, तिथं समजते कोनाची कबूल झाली ते.”

खळ्यावर जोंधळ्याची रास पडलीय. वंजाऱ्यांचा तांडा गोणी लादायला आलाय, छावणीला धान्य पुरवायचंय. मापारी पायली भरतो. पहिल्या मापाला ‘एक’ म्हणायचं नाही, म्हणायचं ‘लाभ’. लाभ, दोन, तीन... पायली शिगोशीग भरून रिकामी होते. मुलाणा बलुत्याची वाट पाहत बाजूला बसलाय. मग उठतो, राशीजवळ जातो आणि उजवा हात कोपरापर्यंत आत घालतो. बाहेर काढलेल्या मुठीत दाणे काळपट, फुगलेले, बोटांना चिकटलेले. नाकाशी नेले तर आंबूस वास.

“मावठ्यानं भिजलं,” खळ्याचा मालक कुणबी हळूच म्हणतो.

“पावसाचा गुन्हा नाई बाप्पा. पन वलं वरते असाले पायजे होतं. घेनाऱ्याले दिसलं असतं.”

मदिनेच्या बाजारात पैगंबरांनी धान्याच्या ढिगात असाच हात घातला होता. विक्रेत्यानं असंच पावसाचं कारण सांगितलं होतं. तेव्हा पैगंबरांनी सांगितलं की भिजलेलं वर ठेवायचं, आणि फसवणारा आपल्यातला नव्हे. कुराणात तर एक अख्खा अध्याय माप मारणाऱ्यांच्या धिक्कारानं सुरू होतो: घेताना भरून घेणारे, देताना कमी मोजणारे. मुलाण्याला तो अध्याय तोंडपाठ आहे. इथं तो म्हणून दाखवत नाही. हात दाखवतो, तेवढं पुरतं.

यात एक मेख आहे, ती नीट पाहा. ज्याचं खोटं मुलाण्यानं उघड केलं, त्याच्याच राशीतून त्याला आज बलुतं मिळायचंय. कुणबी ओलं धान्य वेगळं काढतो, तांडा भाव पाडतो, आणि मुलाण्याच्या वाट्याची पायली यंदा शिगेला न भरता सपाट येते. तो ती निमूटपणे झोळीत ओततो. सांजेला मजुरांची मजुरी द्यायची वेळ येते, तेव्हा तोच कुणबी मुलाण्याकडे एक नजर टाकतो आणि उद्यावर न ढकलता तिथंच धान्य मोजून देतो. मजुराचा घाम वाळायच्या आत त्याचं देणं द्यावं, हे वाक्य गावानं मुलाण्याच्या तोंडून इतकं ऐकलंय की ते आता गावाचंच झालंय.

त्याआधी, मधल्या दुपारी, गावच्या पाटलाच्या घरी पाहुणे येतात. बोकड बांधलेलाच आहे. मुलाणा घराच्या मागच्या बाजूला, बोकडाला दिसणार नाही अशा जागी, सुरीला धार लावतो. अंगठ्याच्या नखावर ती तपासतो. मग बोकडाला पाणी पाजतो. दुसरा बोकड होता, तो पोरांकरवी पलीकडे नेऊन बांधायला लावतो. एकासमोर दुसरा कापायचा नाही. जीव घ्यायचाच तर कमीत कमी यातना देऊन, ही पैगंबरांची ताकीद. अल्लाचं नाव, एक फिरवणी, संपलं.

आणि इतकं सगळं सुरळीत चाललंय असं वाटत असतानाच दोन मोगल स्वार येतात, कडब्याच्या पेंढ्या घोड्यावर टाकतात आणि पैसे न देता निघतात. मुलाणा लगामाला हात घालतो. नागवल्या गेलेल्याच्या हाकेत आणि खुदात पडदा नसतो, ती हाक कोणाचीही असो, असं तो आपल्या मोडक्या दखनीत सांगतो. स्वार हसतो. घोडा पुढे जातो. धर्म एकच, आणि त्याचा त्या स्वारावर काडीचाही असर नाही. हे तुम्ही पाहिलंत ते बरं झालं. नाहीतर गावी परतून तुम्ही सुवर्णयुगाच्या गोष्टी सांगत बसला असता.

संध्याकाळी पारावर मजलिस बसते. एका विधवेचा धुरा शेजाऱ्यानं नांगराचे चार तास आत सरकवलाय. शेजारी म्हणजे मुलाण्याचा सख्खा भाऊ. जुना धुरा माहीत असलेल्यांत जिवंत साक्षीदार एकटा मुलाणा. पाटील विचारतो. भाऊ त्याच्याकडे पाहतो. न्यायाची साक्ष स्वतःविरुद्ध, आईबापाविरुद्ध, रक्ताच्या नात्याविरुद्ध गेली तरी ती द्यायची, हे कुराणाचं सांगणं इथं कोणी बोलून दाखवत नाही. मुलाणा उठतो, शेताकडे चालू लागतो. सगळी मजलिस दिवटी घेऊन त्याच्या मागे. एका बाभळीच्या बुंध्यापाशी थांबून तो पायानं माती उकरतो. खाली पुरलेला हद्दीचा दगड.

पांड्या, गावचा हिशेबनीस, निवाड्याचा महजर लिहितो. खाली पाटलाच्या नांगराची निशाणी, सुताराची त्याच्या हत्याराची. भाऊ न बोलता निघून जातो. उद्यापासून त्या घरचं येणंजाणं बंद, हे सगळ्यांना कळतं. मुलाण्यालाही.

रात्री त्याच्या अंगणात जेवायला बसता. रश्श्यात पाणी जरा जास्तच आहे, कारण शिजवताना शेजाऱ्याचा वाटा धरायचा असतो. आज दोन वाडगे बाहेर जातात: एक विधवेकडे, एक भावाकडे. भावाकडचा तसाच परत येतो.

जेवता जेवता तो तुम्हाला विचारतो, “तुमच्या काळात कसं हाय? माप कोन पाह्यते?”

तुम्ही जरा ऐटीत सांगता. सरकारचं वजनमापांचं खातं आहे. दरसाल काटा तपासतात, शिक्का मारतात. खोटा सापडला तर दंड.

“म्हंजे काट्याचं झालं,” तो मान हलवतो. “मंग ढिगात हात कोन घालते?”